तांब्यातलं पाणी सांडतंय: घरी बसून ड्रॉइंग शिकायची माझी पद्धत

मी टर्नर आहे, बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपला लेथवर (धातू गोल फिरवून कापायचं मशीन), सतरा वर्षं झाली. चित्रकलेशी संबंध शाळेतच सुटला होता. आपल्याकडं कर्नाटकात चित्रकलेच्या लोअर-हायरच्या परीक्षा असतात ना (पलीकडं महाराष्ट्रात चंदगड-कोल्हापूरची पोरं एलिमेंट्री-इंटरमिजिएट देतात तशा), त्याला वर्गातली दोन-तीन पोरं बसायची, मी नाही बसलो. तीन वर्षांमागं पोरगीनं होमवर्कला तांब्या काढून मागितला, मी काढला, एकदम फुशारकीत काढला, आणि तिनं बघितलं नि म्हणाली, "पप्पा, ह्यातलं पाणी सांडतंय की." खरंच सांडत होतं. तोंड एका बाजूला कललेलं, बूड सपाट, पोट एकीकडं जास्त फुगलेलं. लेथवर मी दोन शतांश मिलिमीटरचं माप राखतो आणि कागदावर तांब्या सरळ उभा राहीना, हे डोक्यात बसलं.

मग व्हिडिओ बघायला लागलो. व्हिडिओ चांगले असतात पण त्यात एक भानगड आहे, तो माणूस त्याचं चित्र बरोबर काढतो, तुमचं चुकलेलं चित्र त्याला दिसत नाही. क्लासला मास्तर मागून येऊन म्हणतो "हा खांदा खाली घे." घरी ते कोण म्हणणार? शॉपमध्ये जॉब (मशीनवर केलेली वस्तू) उतरवला की आपण नुसता डोळ्यानं बघून "बरा दिसतोय" म्हणत नाही, व्हर्नियर लावतो, गेज लावतो, म्हणजे माप बरोबर आहे का ते तपासायची साधनं, मग पास. चित्राला मात्र आपण गेज लावतच नाही. काढलं, आवडलं नाही, फाडलं, संपलं. म्हणून मी जे काही शिकलो ते सगळं ह्याच हिशोबानं शिकलो की प्रत्येक पायरीला आपली चूक आपल्यालाच सापडेल अशी एक सोय पाहिजे. खाली जे लिहितोय त्यात ही सोयच महत्त्वाची आहे, बाकीचं कुठंही मिळतं.

सामान

फार काही लागत नाही. एचबी, २बी आणि ६बी अशा तीन पेन्सिली. एच म्हणजे हार्ड, बी म्हणजे ब्लॅक, आत ग्रॅफाइट आणि माती मिसळलेली असते, माती जास्त तेवढी पेन्सिल कडक आणि फिकी. (ही माती मिसळायची आयडिया फ्रान्समधल्या काँते नावाच्या माणसानं १७९५ साली काढली, त्याच्या आधी एवढे नंबर नव्हतेच.) बाराचा सेट घेऊ नका, त्यातल्या आठ पेन्सिली टोक न करता तशाच राहतात. माझ्या राहिल्यात.

कागद दोन प्रकारचा. प्रॅक्टिसला झेरॉक्सचा ए४, तो ७०-८० जीएसएमचा असतो (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), पुरतो. शेडिंगला मात्र कार्ट्रिज पेपर घ्या, १२० जीएसएमच्या पुढचा, कारण झेरॉक्सच्या कागदावर ६बी दोनदा फिरवली की कागद चमकायला लागतो आणि पुढं काळा होतच नाही. खडे बाजार, गणपत गल्लीकडं कुठल्याही मोठ्या स्टेशनरीवाल्याकडं सुट्टे कागद मिळतात, आख्खी वही नको, चांगली वही घेतली की ती खराब होईल ह्या भीतीनं माणूस त्यात काढतच नाही. आणि जुन्या तरुण भारतची रद्दी ठेवा, ती लागणार आहे.

टोक ब्लेडनं करा, शार्पनरनं नको. शिसं बोटाच्या पेराएवढं बाहेर काढायचं, म्हणजे आडवी धरून शेडिंग करता येतं.

खोडरबर ठेवा, पण दुसऱ्या खोलीत. चेष्टा नाही करत. खोडरबर जवळ असला की पहिली रेघ चुकली म्हणून ती खोडायची, तिच्याच जागी पुन्हा तीच चुकीची रेघ ओढायची, असं दहा वेळा होतं. चुकीची रेघ तशीच राहू दे, तिच्याच शेजारी बरोबर रेघ काढा, चूक किती होती ते डोळ्यासमोर राहतं. फिकं काढायची सवय लागली की खोडायचं कामच कमी होतं.

रेघ

पहिले आठ-दहा दिवस चित्र काढू नका, रद्दीवर बॉलपेननं रेघा काढा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण दिवसाला पंधरा मिनिटंच करायचंय.

आपण लिहिताना मनगट टेबलाला टेकवून बोटं हलवतो, त्यानं दोन-तीन सेंटीमीटरची रेघ चांगली येते, त्याच्यापुढं ती आपोआप वाकते कारण मनगट बिजागरीसारखं फिरतं. लांब रेघ खांद्यातून काढायची, कोपर उचललेलं, मनगट ताठ, आख्खा हात हलतो. सुरुवातीला भयंकर वाटतं, रेघ डुगडुगते. दोन टिंबं काढा, वीतभर लांब. पेन कागदाला न टेकवता हवेतच एका टिंबावरून दुसऱ्या टिंबाकडं चार-पाच वेळा हात फिरवा आणि मग त्याच झोकात टेकवून ओढा. हळू ओढली तर थरथरते, म्हणून वेग पाहिजे, टिंबाच्या पुढं गेली तर गेली.

मग गेज: पट्टी. रेघ आधी हातानं, पट्टी नंतर. किती वाकली आणि कुठल्या बाजूला वाकली हे बघा. माझ्या सगळ्या रेघा शेवटाला खाली वाकायच्या, पंधरा दिवस, मग कळलं मी कागद फार सरळ ठेवतो, तो जरा तिरका ठेवला की झालं. हे पट्टी लावल्याशिवाय कधी कळलं नसतं. रेघा झाल्या की गोल, मग लांबट गोल, एकाच्या अंगावर एक दोन-तीन फेऱ्या मारून. त्या लांबट गोलाचं काम पुढं आहे.

बघायचं कसं

इथं जास्त वेळ द्या. हात फार चुकत नाही, चुकतात ते डोळे, म्हणजे डोळे पण नाही, डोकं. डोक्याला माहीत असतं की तांब्याचं तोंड गोल आहे, म्हणून ते गोल काढतं, समोर दिसतंय ते लांबट चपटं. टेबल चौकोनी आहे म्हणून चौकोन काढतो, दिसत असतो तिरका. ह्याच्यावर तीन उपाय मला लागू पडले.

पहिला, काच. जुन्या फोटोफ्रेमची काच नाहीतर प्लास्टिकची शीट घ्या, किंवा सरळ खिडकीच्या काचेपुढं बसा. एक डोळा मिटा, डोकं अजिबात हलवू नका, आणि काचेतून जे दिसतंय त्याच्यावर व्हाइटबोर्डच्या मार्करनं रेघा ओढा. बाहेरचं घर, नळ, समोरची स्कूटर, काही पण. डोकं हललं की सगळं सरकतं म्हणून हनुवटी उशीवर टेकवा. बघाल तर स्कूटरचं चाक गोल नसतंच, अंड्यासारखं असतं. ही चीटिंग आहे असं कोणी म्हणालं तर सांगा की अल्ब्रेख्त ड्यूरर नावाच्या मोठ्या जर्मन चित्रकारानं १५२५ साली छापलेल्या पुस्तकात असाच काचेतून बघून चित्र काढणारा माणूस दाखवलाय. आपल्याला कायम काचेवर काढायचं नाहीये. आधी तीच वस्तू कागदावर बघून काढा, मग काचेवर काढा, दोन्ही शेजारी ठेवा. कुठं फरक पडला त्याच्यावर लाल पेननं खूण. गेज हेच.

दुसरा, ओळंबा. गवंड्याचा असतो तो. दोऱ्याला एक नट बांधा (माझ्याकडं नटांना तोटा नाही) आणि वस्तूसमोर लोंबता धरा. आता ही उभी रेघ एकदम खरी आहे. तिच्या हिशोबानं बघा, किटलीची तोटी हँडलच्या किती बाहेर जाते, खुर्चीचा मागचा पाय पुढच्या पायाच्या आत दिसतो की बाहेर. आडव्यासाठी पेन्सिल आडवी धरायची.

तिसरा, पेन्सिलनं माप. ह्यात सगळ्यात जास्त चूक होते म्हणून नीट वाचा. हात पूर्ण ताणायचा, कोपर लॉक, एक डोळा बंद, पेन्सिलीचं वरचं टोक वस्तूच्या वरच्या कडेला आणि अंगठा खालच्या कडेला. झाली उंची. आता अंगठा न हलवता पेन्सिल आडवी करा आणि ती उंची रुंदीत किती वेळा बसते बघा. एकाला एक? दीडाला एक? कागदावर हे प्रमाण घ्यायचं, पेन्सिलीवरचं माप तसंच्या तसं कागदावर उतरवायचं नाही. आणि कोपर जरा जरी वाकलं तरी माप बदलतं, व्हर्नियर ढिला धरल्यासारखं. दर वेळी कोपर ताठ.

आणखी एक करता येतं. वस्तू सोडून वस्तूच्या मधली पोकळी काढायची. प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीतली भोकं, पायांमधली जागा, सायकलच्या दांड्यांमधले त्रिकोण. पोकळीला नाव नसतं, त्यामुळं डोक्याला मधेच "मला माहीत आहे" म्हणून तोंड घालता येत नाही. पोकळ्या बरोबर आल्या की खुर्ची आपोआप बरोबर येते. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्री साडेअकराला बायकोला उठवून दाखवलं. तिनं बघितलं आणि झोपली.

आधी बटाटा, मग तांब्या

सगळे सांगतात गोळा, डबा, शंकू काढा. मी म्हणतो बटाट्यापासून सुरू करा. बेळगावात राहून बटाटा मिळाला नाही असं होणार नाही, मार्केट यार्डात ढीग असतात, रताळी पण चालतील. बटाट्याचं बरं असतं की तो जरा इकडं तिकडं झाला तरी बटाटाच राहतो, हिंमत येते. माती धुवून घ्या, लाल माती असली की उजेड-सावली दिसत नाही. दहा बटाटे काढा, वेगवेगळ्या बाजूनं, फक्त बाहेरची रेघ, मग ती रेघ कुठं आत वळते तिथं आतपर्यंत न्या. मग तांब्या घ्या, कारण तांब्या चुकला की कोणाला पण कळतं, आमच्या पोरीला कळलं तसं.

तांब्या, पेला, डबा, कळशी, लेथवर फिरवलेला कुठलाही जॉब, सगळ्यांना मधून एक अक्ष असतो. तो आधी फिका काढा, उभा. आता तोंडाचा लांबट गोल, त्याची लांबी ह्या अक्षाला बरोबर काटकोनात पाहिजे. माझं इथंच चुकलेलं, लांबी काटकोनात नव्हती म्हणून तोंड कललं आणि पाणी सांडलं. वस्तू आडवी पडली असेल तरी हाच नियम, अक्ष जसा कलला तसा त्याच्या काटकोनात गोल कलतो.

त्या गोलाला दोन्ही टोकांना टोकं काढू नका, बदामासारखं होतं ते. टोकाला पण तो वळतोच, लहान वळण असतं एवढंच.

आता खरी गंमत. पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी भरा आणि डोळ्यासमोर हळूहळू वर-खाली करा. खाली असताना पाण्याचा पृष्ठभाग गोल दिसतो, वर आणत गेलं की चपटा होत जातो, आणि एका उंचीला एकदम सरळ रेघ होते. ती उंची तुमच्या डोळ्याची. त्याच्या वर नेलं की पाणी खालच्या बाजूनं गोल दिसायला लागतं. म्हणजे डोळ्याच्या रेषेपासून जेवढं लांब तेवढा गोल उघडा. टेबलावरचा तांब्या आपण वरून बघतो, म्हणून त्याचं तोंड चपटं आणि बुडाचा गोल तोंडाच्या मानानं जास्त उघडा पाहिजे. आपण बरोबर उलटं करतो, तोंड मोठं गोल आणि बुडाला पट्टी. बूड सपाट आहे हे डोक्याला माहीत असतं ना.

डाव्या-उजव्या बाजूच्या फरकाला गेज म्हणजे आरसा. चित्र आरशासमोर धरा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून उलटा करा. अर्धा तास ज्या चित्राकडं बघून "बरं आहे" वाटत होतं ते उलटं केलं की लगेच एका बाजूला झुकलेलं दिसतं. मी अजून प्रत्येक चित्राला हे करतो, पाच सेकंदाचं काम आहे.

रोज एकच तांब्या. हां, घरी विचारून घ्या. माझा तांब्या दोन दिवस टेबलावर तसाच होता तर आई म्हणाली, "काय करूलालास रे त्या तांब्याला, पाणी कशात भरू मी?" मग मी वेगळा आणला.

उजेड आणि सावली

ट्यूबलाइट बंद करा. खोलीत दोन-तीन दिवे असले की तेवढ्याच सावल्या पडतात आणि काहीच कळत नाही. एकच दिवा, बाजूनं आणि थोडा वरून. टेबललॅम्प नसला तर मोबाइलचा टॉर्च डब्यावर टेकवून.

स्टीलचा तांब्या शेडिंगला घेऊ नका, हा सल्ला मला कोणी दिला नाही आणि माझा महिना गेला. स्टीलमध्ये आख्खी खोली दिसते, खिडकी, आपला शर्ट, आणि नवशिका माणूस ते सगळं काढत बसतो. मॅट, म्हणजे न चमकणारी वस्तू घ्या. बटाटा पुन्हा आला. नाहीतर खानापूरच्या लाल मातीचं मडकं, त्याच्यावर उजेड फार सुंदर सरकतो.

बटाट्यावर काय दिसतं बघा. जिथं दिवा थेट पडतो तो भाग सगळ्यात उजळ. मग उजेड हळूहळू उतरत जातो, आणि जिथं पृष्ठभाग दिव्याकडून पूर्ण वळला तिथं गडद पट्टा. पण कडेला पोचेपर्यंत तो पुन्हा जरा उजळतो, कारण टेबलावर पडलेला उजेड परत उडून खालून बटाट्यावर येतो. हा परतीचा उजेड काढला की वस्तू एकदम गोल वाटायला लागते, नाही काढला तर कापून चिकटवल्यासारखी. पण तो उजेडाच्या बाजूपेक्षा उजळ कधीच नसतो, तिथं लोक पांढरं ठेवतात आणि सगळं बिघडतं. टेबलावर पडलेली सावली बटाटा जिथं टेकतो तिथं सगळ्यात काळी आणि तिची कड तिथं कडक, लांब जाईल तशी कड विरघळते.

शेडिंग करायच्या आधी पाच चौकोन काढा, एक कोरा, शेवटचा ६बीनं जेवढा काळा होईल तेवढा, मधले तीन समान अंतरानं. हे पाच चौकोन म्हणजे तुमचा स्टँडर्ड. आता डोळे अर्धे मिटून बटाट्याकडं बघा, बारीकसारीक जाईल आणि उजेडाचे तीन-चार मोठे ठोकळे उरतील, प्रत्येक ठोकळा कुठल्या चौकोनाचा ते ठरवा, आधी सगळे सपाट भरा, मऊ नंतर करा.

गेज: वस्तूचा आणि चित्राचा, दोन्हीचा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून शेजारी ठेवा. जवळपास प्रत्येक नवशिक्याचं चित्र फिकं निघतं. काळं करायला आपण घाबरतो. माझं पहिलं मडकं सगळं दोन नंबरच्या चौकोनात होतं, पाच नंबर कुठंच नाही.

बोटानं घासून गुळगुळीत करू नका. माझं स्पष्ट मत आहे हे, बाकीच्यांचं वेगळं असेल. बोटाचं तेल कागदाला लागतं आणि नंतर त्याच्यावर पेन्सिल बसत नाही, शिवाय घासलं की सगळीकडं एकच मळकट राखाडी. बारीक तिरक्या रेघा जवळजवळ मारा, वस्तूच्या वळणाप्रमाणं वळवा, मग त्याच्यावर दुसऱ्या दिशेनं.

लांबचं-जवळचं

आयटीआय केलेल्यांसाठी आधी एक सूचना. आपल्याला आयसोमेट्रिक शिकवलेलं असतं, तीस अंशात, त्यात समांतर रेघा कायम समांतर राहतात, ड्रॉइंगवरून माप घेता यावं म्हणून. डोळ्याला तसं दिसत नाही. मी काढलेलं प्रत्येक घर कारखान्याच्या ड्रॉइंगसारखं दिसायचं, मागचा भाग पुढच्यापेक्षा मोठा वाटायचा, आणि चूक काय ते कळेना.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी थांबायची वेळ आपल्या सगळ्यांवर आलेली आहे. गेट पडलेलं असताना रुळांकडं बघा, किंवा ओव्हरब्रिजवरनं बघा (रुळावर उभं राहून नको, गाडी येती). दोन रूळ लांब जाऊन एका टिंबात मिळतात. ते टिंब तुमच्या डोळ्याच्या रेषेवर असतं, मघाशी बाटलीत पाणी सरळ झालं तीच रेषा. ब्रिजवर चढलात की ती रेषा पण तुमच्याबरोबर वर चढते. रुळाला समांतर जे जे आहे, प्लॅटफॉर्मची कड, तारा, कंपाउंडची भिंत, सगळं त्याच टिंबात जातं. रेषेच्या वरचं उतरत येतं, खालचं चढत जातं.

घराचा कोपरा समोर असला तर दोन टिंबं, एक डाव्या भिंतीचं, एक उजव्या, दोन्ही एकाच रेषेवर. ती टिंबं बहुतेक वेळा कागदाच्या बाहेर पडतात, म्हणून कागद रद्दीवर चिकटवा आणि टिंब रद्दीवर घ्या. टिंबं फार जवळ घेतली की घर जहाजाच्या टोकासारखं होतं.

कौलारू घराचं छप्पर सगळ्यांना छळतं. सोपं आहे. बाजूच्या भिंतीचा जो तिरका चौकोन आला त्याचे दोन्ही कर्ण ओढा, ते जिथं छेदतात तो त्या भिंतीचा खरा मध्य, पट्टीनं मोजलेला मध्य चालत नाही कारण लांबचा अर्धा भाग लहान दिसतो. त्या मध्यातून उभी रेघ वर न्या, छपराचं टोक त्या रेघेवर. दारं, खिडक्या, खांब, सगळ्याला हीच युक्ती.

बाजार काढायचा असेल तर आणखी एक फुकटची सोय आहे. सपाट रस्त्यावर तुम्ही उभे असाल तर तुमच्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे, जवळचा असो की गल्लीच्या टोकाचा, एकाच रेषेवर येतात. लांबचा माणूस लहान होतो तो पायाकडून, डोकं तिथंच. गणपत गल्लीत संध्याकाळी उभं राहून बघा, डोक्यांची रांग एका रेषेत दिसती. पोरं त्या रेषेच्या खाली, आणि ट्रॅक्टरवर बसलेला वर.

डोंगर काढायचे असतील तर येळ्ळूरच्या बाजूला जावा. पाऊस थांबल्यावर राजहंसगड, त्याच्या मागचे डोंगर, एकाच्या मागं एक फिके होत जातात, मधल्या हवेतल्या ओलाव्यानं. पाच चौकोनांपैकी जवळच्या झाडाला पाच, गडाला तीन, मागच्याला दोन. लांबच्या डोंगरावर झाडं मोजून काढत बसू नका. कोल्हापूरचे आबालाल रहिमान रंकाळा आणि कोटितीर्थाच्या काठावर पुन्हा पुन्हा बसून चित्रं काढायचे, तीच जागा, वेळ वेगळी. तसं करून बघा, जागा शोधत फिरण्यात रविवार जातो. आणि गोलांची प्रॅक्टिस झाली असेल तर एक दिवस किल्ल्यातल्या कमल बस्तीत जा, १२०४ सालचं जैन मंदिर आहे, आतले खांब म्हणजे एकावर एक रचलेले गोल, वरचे वेगळे उघडलेले आणि खालचे वेगळे. कारागिरांचं फिनिश बघून लेथवाल्याला जरा लाज वाटते.

माणसं

हे शेवटी घ्या. सगळे पहिल्याच दिवशी चेहरा काढतात, त्यातही फोटोवरून हिरोचा, आणि वैतागून सोडतात.

चेहऱ्याचं मुख्य माप एकच लक्षात ठेवा, डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. कपाळावर नाही. वरती केस आणि कवटी आहे ते आपण विसरतो. केसांची सुरुवात ते भुवई, भुवई ते नाकाचं टोक, तिथून हनुवटी, हे तीन भाग साधारण सारखे. कान भुवई आणि नाकाच्या टोकाच्या दरम्यान. दोन डोळ्यांच्या मधे एक डोळा बसेल एवढी जागा. उभा माणूस सात-साडेसात डोक्यांचा, मध्य जांघेपाशी. ही मापं सरासरी आहेत. समोरचा माणूस त्याच्यापासून कुठं वेगळा आहे ते बघण्यासाठी वापरायची, आमच्या फोरमनचं कपाळ अर्धा चेहरा खातं, तेच तर काढायचं.

हालचालीसाठी सीबीटी बसस्टँडला जाऊन बसा, संकेश्वर-निपाणीच्या गाड्या लागतात तिकडं. छोटी वही, बॉलपेन, एका माणसाला तीस सेकंद. चेहरा नाही, बोटं नाहीत, फक्त कणा कुठं वाकलाय, वजन कुठल्या पायावर, खांद्याची रेघ कुठं कलली आणि कंबरेची त्याच्या उलट कुठं कलली. पिशवी उचललेला माणूस पिशवीच्या उलट बाजूला झुकतो, तो झोक पकडा. माणूस हलला तर सोडून द्या, दुसरा घ्या. टक लावून बघू नका, बायकामाणसांकडं तर नाहीच, आणि कोणी विचारलं तर वही सरळ दाखवायची. मला एका कंडक्टरनं विचारलं, दाखवली, तर तो म्हणाला "हा मी आहे होय? पोट लई काढलंय."

ह्याला गेज नाही असं मला वाटायचं. आहे. चित्रातल्या माणसासारखं स्वतः उभं राहून बघा. तोल गेला तर चित्र चुकलं.

वेळेचं आणि बाकी

मी सेकंड शिफ्ट नसेल तेव्हा रोज अर्धा तास बसतो. रविवारी पाच तास बसून आठवडाभर काही नाही केलं तर हात विसरतो. साधारण पहिले दहा दिवस रेघा, मग महिनाभर बघायचं आणि मोजायचं, महिनाभर तांब्या-डबे, महिना-दीड महिना उजेड, मग पुढचं. एखाद्या ठिकाणी जास्त लागला तर लागू दे. दर महिन्याच्या एक तारखेला तोच तांब्या त्याच जागी ठेवून काढा, मागं तारीख घाला, आणि मागचं चित्र न बघता काढा, बघायचं ते झाल्यावर.

मोबाइलच्या फोटोवरून काढायचं असेल तर एवढंच बघा की फोटो फार जवळून काढलेला नको, जवळून काढला की नाक मोठं आणि कान गायब होतात, आणि तुम्ही बिचारे ती कॅमेऱ्याची चूक इमानेइतबारे काढत बसता.

डावखुऱ्यांनी उजवीकडून शेडिंग सुरू करा म्हणजे हात घासत नाही, उजव्यांनी डावीकडून. हाताखाली एक कोरा कागद ठेवा दोघांनी पण.

आणि आपल्याकडचा पाऊस. जूनपासून गणपतीपर्यंत कागद ओल धरतो, पेन्सिल नीट लागत नाही, घासल्यासारखी होते, आणि तुम्हाला वाटतं आपलाच हात बिघडला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, मधे रद्दीचे कागद घालून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. पलंगाखाली नको आणि बाहेरच्या भिंतीला लागून तर अजिबात नको, माझे पहिल्या वर्षीचे सगळे बटाटे तिथंच बुरशीनं गेले.